जुनी गाडी, आपल्या नावाची

माठ घ्यायला गेलं की आपण तो आधी बोटाने वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला की 'हा नको, तो दाखवा'. साडीचा पदर उलटा करून मागचे धागे बघतो. बोहारणीकडून पातेलं घेताना त्याचं बूड उजेडाकडे धरतो आणि दोन साड्यांत भागत असेल तर तिसरी काढत नाही! हे काही कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नसतं. पण घरात जुनी गाडी घ्यायचं निघालं की याच पारखी बायका चहाचा ट्रे घेऊन आत-बाहेर करत राहतात. अंगणात गाडीभोवती चार पुरुष, एक एजंट आणि एक 'आपल्या ओळखीतला' मेस्त्री. बाईला शेवटी एकच प्रश्न विचारला जातो, "काय, रंग आवडला का?"

मला या प्रश्नाची गंमतही वाटते आणि रागही येतो. कारण जुन्या गाडीत सगळ्यात फसवी गोष्ट कोणती असेल, तर तो रंगच!

मी जुन्या गाड्यांची वेडी आहे, हे आधीच सांगून टाकते. नवी कोरी गाडी मला शोकेसमधल्या काचसामानासारखी वाटते. बघायला छान, हात लावायची भीती. शिवाय आपल्याकडे नवी गाडी आली की ती आपोआप 'ह्यांची' होते. बाईने शिकायला मागितली तर "अगं, नवी आहे, कुठे घासलीस म्हणजे?" हे ठरलेलं. जुन्या गाडीला आधीच दोन-चार ओरखडे असतात, त्यात आपला एक भर पडला तर घरात सुतक पडत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की बाईची पहिली गाडी जुनीच असावी. आणि ती तिच्या नावावर असावी. या दुसऱ्या वाक्याकडे पुढे येतेच.

जुन्यातली जुनी आणि आपल्या सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे मारुती ८००. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली, तिची किल्ली तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इटुकलं इंजिन, हलकं अंग, गल्लीबोळात सहज वळणारी. जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, पण तोवर देशात पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या होत्या. म्हणजे आता बाजारात शेवटची ८०० मिळाली तरी ती दहा वर्षांच्या वरचीच असणार. तरीही शिकायला याहून सोशिक गाडी नाही. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या कडेने खालची जमीन दिसते, इतकी आत मोकळी जागा. कुठल्याही तालुक्याच्या गावचा मेस्त्री डोळे मिटून उघडतो.

ज्यांना आणखी मागे जायचंय त्यांच्यासाठी प्रीमियर पद्मिनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, मूळ फियाट. गिअरचा दांडा पायाशी नाही तर स्टिअरिंगलाच! मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली, पण हौसेने सांभाळणारे अजून आहेत. टाटा सुमोही १९९४ पासून २०१९ पर्यंत निघत होती. तिचं नाव जपानी पैलवानांवरून नाही, तर टाटा मोटर्स घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातून आलंय, हे किती जणींना माहीत असतं? पण हा हौसेचा मामला झाला. रोज शाळेत, दवाखान्यात, बाजारात न्यायला गाडी हवी असेल तर जिचे पार्ट गावात मिळतात तीच घ्या. भावनेच्या भरात पद्मिनी घेऊन एका छोट्या पार्टसाठी पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजाराचे उंबरे झिजवणारे मी पाहिलेत.

आता अंगणात उभ्या असलेल्या गाडीकडे या. आपल्याकडे खरसुंडी, पुसेगावच्या बाजारात खिल्लार बैल घेताना जाणता शेतकरी आधी त्याचं तोंड उघडून दात बघायचा. दोनदाती की चारदाती की जुळलेला, यावरून वय कळायचं. मालक काय सांगतो याला महत्त्व नव्हतं. मग हेडी मध्ये पडायचा आणि उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा. गाडीच्या बाजारातला एजंट म्हणजे तोच हेडी. त्याच्या गोड बोलण्यावर जाऊ नका, दात बघा.

गाडीचे दात म्हणजे टायर, काचा आणि पेडल. टायरच्या कडेला एका लांबट गोलात चार आकडे असतात. २३१९ असं लिहिलं असेल तर तो टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात कंपनीची खूण असते. एकच काच वेगळी निघाली तर ती का बदलली, हे सरळ विचारा. आणि मीटर? मीटर मागे फिरवता येतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मीटर चाळीस हजार किलोमीटर दाखवतंय आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र जुन्या चपलेसारखं गुळगुळीत झालंय, तर खरं कोण बोलतंय? रबर!

मग रंग. फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकून न्या. दाराची खालची कड, चाकावरची कमान, डिकीचा काठ इथे हळूच लावून बघा. पत्रा असेल तर चिकटेल. खाली गंजून भोक पडलेलं आणि वर पेंटरने जाड लांबी भरून रंग मारलेला असेल तर चुंबक सुटून हातात येईल. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते चिकटणारच नाही, तिथे उगाच घाबरू नका. चुंबक नसेल तर माठासारखी टिचकी मारा. पत्रा टणटण वाजतो, लांबी बद्द वाजते. तुमचा कान त्यात तयार आहेच.

इंजिन बघायचं ते थंड असताना. हे अगदी ठासून सांगते. आपण पोचायच्या आधीच गाडी सुरू करून ठेवलेली असेल तर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागेल. अशा वेळी "सकाळी परत येते, तोवर सुरू करू नका" म्हणायला लाजू नका. सकाळची पहिली किल्ली खरं काय ते सांगते. निळसर धूर निघाला तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा धूर गारठ्यात सुरुवातीला थोडा निघतो, त्याचं काही नाही. पण गाडी तापल्यावरही तो दाट येत राहिला तर पाणी आत जातंय. ऑइल भरायचं झाकण फिरवून त्याची आतली बाजू बघा. तिथे लोण्यासारखा पांढुरका थर दिसला तर ऑइलात पाणी मिसळल्याची शंका घ्यायची आणि मेस्त्रीने छातीठोक खुलासा करेपर्यंत पैशाचं बोलायचं नाही. जुन्या पेट्रोल गाडीत रबरी पाइपांकडेही लक्ष द्या. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे पाइप, सील त्यासाठी बनवलेले नव्हते. पेट्रोलचा वास येत असेल तर तो 'जुन्या गाडीला येतोच' म्हणून सोडून देऊ नका.

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातल्या बायकांनी एक गोष्ट जास्तीची बघायची, ती म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं असेल, विचार करा. काही भंगारात गेल्या, काही धुऊन-पुसून, नवी सीटकव्हर घालून लांबच्या जिल्ह्यात विकल्या गेल्या. पुरातली गाडी दिसायला झकपक असते, पण तिची वायरिंग आतून कुजत जाते आणि कधी कुठला दिवा, कधी कुठली मोटर बंद पडेल याचा नेम नसतो. पायाखालचं कार्पेट एका कोपऱ्यात उचला. स्टेपनी काढून तिच्या खाचेत बोट फिरवा. सीट ज्या पट्टीवर मागेपुढे सरकते ती पट्टी बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. आतल्या भागावर पाण्याची रेघ राहिलेली असते. बारीक, रेशमासारखा गाळ लागला तर तिथूनच घरी या. आणि हो, वास! कार्पेटखालचा ओलसर कुबट वास बायकांच्या नाकाला चुकत नाही. डॅशबोर्डवर मोगऱ्याचा स्प्रे भसाभसा मारलेला असेल तर मला आधी संशय येतो.

गाडी चालवून बघताना रेडिओ बंद, एसी बंद, गप्पा बंद. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल धरा, गाडी एका बाजूला ओढते का? खड्ड्यात खडखड कुठून येते? पाचही गिअर टाका आणि रिव्हर्ससुद्धा. आपला मेस्त्री न्याल तेव्हा त्याची फी आपण द्या. विकणाऱ्याने चहा पाजलेला मेस्त्री आपला राहत नाही.

भावाचं म्हणाल, तर आधी शोरूममध्ये जाऊन नव्या गाडीचा आजचा दर विचारून या. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा अधिभारही गेला. नव्याचे दर उतरले की जुन्याचेही उतरायला हवेत. विकणारा मात्र आधीच्याच हिशेबाने बोलत असतो! गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर फेरनोंदणीचा खर्च भावातून वजा करा. ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी १० हजार केली गेली. पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल, तर तोही खर्च आपल्याच गळ्यात.

आता कागद. इथे मात्र मी थोडी कडक होणार आहे.

आपल्याकडे जुनी गाडी कशी विकली जाते? पैसे मोजले जातात, विकणारा 'टीटी फॉर्म'वर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करतो, खरेदीदाराचं नाव कोरंच राहतं आणि किल्ली हातात पडते. "नावावर करून घेऊ सावकाश." हे सावकाश कधी येतच नाही. तीच गाडी कोऱ्या फॉर्मवर आणखी दोन हात फिरते. कायदा काय म्हणतो? विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावासाठी अर्ज करायचा. ही नुसती औपचारिकता नाही. सर्वोच्च न्यायालयात २०१८ मध्ये एक निकाल लागला. एकाने २००७ मध्ये गाडी विकली, ती हातोहात फिरली, २००९ मध्ये तिचा अपघात झाला. नोंद मात्र अजून पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालय म्हणालं, ज्याचं नाव नोंदीत तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच.

ही गोष्ट पुरुषांची म्हणून सोडून देऊ नका. नवरा गेल्यावर दारात उभी असलेली गाडी कोण विकतं? ती बाईच. दिवसकार्य आटोपत नाही तोच कुणीतरी नातेवाईक गिऱ्हाईक घेऊन येतो, "वहिनी, इथे सह्या करा" म्हणतो आणि ती करते. पण गाडी अजून नवऱ्याच्या नावावर आहे. ती आधी वारस म्हणून आपल्या नावावर करायची असते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं. त्यानंतर विकायची की ठेवायची ते तुम्ही ठरवा. शक्य असेल तर ठेवा, असं मी म्हणेन. ज्या घरात आधीच बाईला चालवता येत होती, तिथे ती गाडी अशा दिवसांत फार मोठा आधार होते. दवाखाना, बँक, मुलांची शाळा, कशासाठीच दीरा-भावाची वाट बघावी लागत नाही. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव लावायची सोयही झालीय. गाडी ह्यांच्या नावावर असेल तर आज संध्याकाळीच हा विषय काढा. जेवणानंतर काढा, पोट भरलेलं असतं!

घेताना काय बघायचं? सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि कर्जाचा बोजा आहे का ते दिसतं. बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ दिल्याशिवाय तो उतरत नाही. 'हप्ते फिटलेत' या तोंडी शब्दाला अर्थ नाही. चासी नंबर आरसीवर वाचून गाडीवर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तरी एनओसी आणि इथला रोड टॅक्स मिळवून बघा, स्वस्ताई तिथेच विरघळते. गॅसचं किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी झालेली हवी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचे पैसे मागताना कंपनी हात वर करू शकते. जुन्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' मात्र आपल्याला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो, गाडीचा नव्हे.

बचत गटाच्या बायका मला विचारतात, गाडीपेक्षा जुना टेम्पो घेतला तर? का नाही! २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आता जुन्या बाजारात भरपूर मिळतो. पापड, मसाले, भाजी, मंडपाचं सामान, गावातल्या गावात कामाला तोटा नाही. आणि तो चालवायला वेगळं लायसन्स लागतं ही समजूत सोडा. साडेसात हजार किलोपेक्षा कमी वजनाचं मालवाहू वाहन साध्या कारच्या लायसन्सवर चालवता येतं, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला शिक्कामोर्तब केलंय. फक्त मालवाहू गाडीचं फिटनेस बघून घ्या. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते करावं लागतं. मागच्या हौद्यात बायका-पोरं बसवून जत्रेला मात्र न्यायचं नाही. तो कायद्याने गुन्हा आहे आणि काही झालं तर विम्याचा आधार धरता येत नाही.

गाडी आली, पूजा झाली, लिंबू-मिरची लटकली. आता किमतीच्या दहा टक्के तरी पैसे बाजूला ठेवा. पहिल्याच आठवड्यात ऑइल, फिल्टर, ब्रेकचं ऑइल आणि इंजिनाचे पट्टे बदलून टाका. आधीच्याने 'परवाच बदललं' म्हटलं तरीही! आपण बदललेल्या तारखेपासून आपला हिशेब सुरू होतो. एक छोटी वही करा, दुधाच्या वहीसारखी. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. वर्षभराने ही वही मेस्त्रीसमोर उघडली की तो तुमच्याशी बोलताना ह्यांच्याकडे बघायचं सोडतो.

आणि लांब जा. महिनाभर गावात फिरवून झाली की घाट करा. कराडहून कोयनेच्या बाजूने कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. चढाला तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. वर सरकायला लागला तर बाजूला घेऊन इंजिन थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळत्या कुकरचं झाकण आपण उघडतो का? हेळवाकच्या पुढे उतार लागला की ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका आणि किल्ली तर अजिबात बंद करू नका. ब्रेक दगडासारखा होतो आणि स्टिअरिंगही अडकू शकतं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवेल. वाजवू दे, जागा मिळाली की त्याला पुढे सोडा. खाली पोफळीला गाडी सावलीत लावा आणि चाकाजवळ वाकून नुसता वास घ्या. ब्रेक जळल्याचा वास नसेल तर चहा प्या आणि निघा, चिपळूण तिथून जवळच आहे.